बांधलेल्या बोटीतला नाताळ

रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं, हा पहिला प्रश्न होता. मी तेव्हा बारामतीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. शाळेत लग्न, आजारपण, बाळंतपण आणि मयत एवढीच कारणं चालायची. मी खरं काय ते लिहिलं : ‘युरोपात नदीतून बोटीने नाताळचे बाजार पाहण्यास जाणे.’

हेडमास्तरांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

“बाई, बाजाराला जायला पंधरा दिवस?”

“सर, सात गावचे सात बाजार आहेत.”

“आपल्याकडं आठवड्याला भरतो की.”

शेवटी त्यांनीच लाल पेनाने ती ओळ खोडली आणि वर ‘कौटुंबिक कारण’ असं लिहिलं. “वरनं कुणी विचारलं तर मला हे समजावता यायचं नाही,” ते म्हणाले.

कौटुंबिक तर ते होतंच. माझा धाकटा भाऊ जर्मनीत एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. आई-वडिलांचा जन्म नोकरीत गेला, त्यांनी कधी काही पाहिलं नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. त्याने डॅन्यूब नदीवरच्या एका प्रवासी बोटीत चार जागा घेतल्या : आई, आबा, तो आणि मी. बोट डिसेंबरात पासाऊ नावाच्या गावातून निघणार, आठवडाभर नदीतून जाणार, वाटेतल्या गावांचे नाताळबाजार दाखवणार आणि परत पासाऊला आणून सोडणार. माझ्या नवऱ्याला एसटी लागते, त्यामुळे बोटीचं त्याला विचारायचाही प्रश्न नव्हता. तो मुलीला घेऊन घरी राहिला.

आमचे आबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नीरा डाव्या कालव्यावर त्यांची अख्खी नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं लासुर्ण्याकडे. पाणी किती चढलं ते पट्टीवर वाचायचं, नोंद करायची, ठरल्या दिवशी ठरलं तेवढं पाणी पुढे सोडायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी इंदापुरातून सायकलवर जाऊन कालव्याच्या एखाद्या चारीचं पाणी बघून यायचे. आई बावड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती, तीही निवृत्त झालेली. घरात दोघांच्या मिळून सहा डायऱ्या असायच्या. एकीत पाणी, बाकीच्यांत रक्तदाब.

आबांनी प्रवासाचं कुणाला सांगितलं नाही. आईने सगळ्यांना सांगितलं. बावड्याहून आबांचे चुलतभाऊ मुद्दाम चौकशीला आले.

“नाताळाला निघालास म्हणं? मग आता आनि धर्म...”

“न्हाय रं,” आबा म्हणाले. “आपल्या बापानं छप्पन साली इचार करून बदललाय, तेवढा बास हाय. आमी फकस्त बाजार बघणार.”

“काय असतंय बाजारात?”

“तारं, बाहुल्या, मेणबत्त्या.”

“जनावरं?”

“न्हाईत.”

“मग त्येला बाजार कसा म्हणायचा?” चुलते म्हणाले. पण जाताना ते माझ्या कानाशी आले. तिकडच्या गाईला दूध किती असतं तेवढं बघून ये म्हणाले.

सामान भरताना भांडण झालं ते गमबुटांवरून. आबांना त्यांचे खात्यातले काळे गमबूट न्यायचे होते. भाऊ फोनवरून म्हणाला, “आबा, ती चांगली बोट आहे. आत गालिचे आहेत.” आबा म्हणाले, “गालिचे आत हाईत, नदी बाहेर हाय,” आणि गमबूट बॅगेत गेले. आईने रक्तदाब मोजायचं जुनं, पाऱ्याचं यंत्र लुगड्यांच्या घडीत गुंडाळून घेतलं. कारण भावानेच तिला सांगितलं होतं, की या बोटींवर बहुतेक म्हातारी माणसं असतात.

जर्मनीत उतरलो त्याच दिवशी भावाची रजा रद्द झाली. कारखान्यात काहीतरी बंद पडलं होतं. तो आम्हाला पासाऊपर्यंत आगगाडीने घेऊन आला, बोटीवर चढवलं, तीनदा माफी मागितली आणि परत गेला. जाताना मला म्हणाला, “ताई, इंग्रजी चालतं सगळ्यांना. तू आहेसच.”

बर्फ पडत असेल असं आम्हाला वाटलं होतं. पाऊस पडत होता. संथ, एकसारखा. नदी चहाच्या रंगाची झाली होती आणि मोठमोठे ओंडके वाहून चालले होते. बोट लांबलचक, बुटकी आणि पांढरीशुभ्र होती. काठाला जागा कमी असल्यामुळे बोटी एकमेकींना लावून उभ्या केल्या होत्या. आमच्या बाहेरच्या बाजूला दुसरी एक बोट होती. त्यामुळे आमच्या खोलीच्या खिडकीतून डॅन्यूब दिसायची नाही. दोन हातांवर शेजारच्या बोटीची खिडकी होती आणि तिच्यात बनियनवर दाढी करणारे एक म्हातारे गृहस्थ दिसायचे. पहिल्या दिवशी दोन्हीकडचे पडदे ओढले गेले. दुसऱ्या दिवशी आईने मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्यांनी कप उंचावला. त्यानंतर रोज सकाळी आई त्यांना दाढी झाल्यावर मानेने ‘छान’ असं सांगायची.

पण मी पुढचं आधी सांगून गेले. पहिल्या संध्याकाळी आधी सुरक्षेची कवायत झाली. नव्वदएक प्रवासी, बहुतेक सत्तरीचे, गळ्यात नारिंगी जाकिटं अडकवून वरच्या डेकवर रांगेने उभे राहिले. बोट सहा जाड दोरांनी काठाला बांधलेली होती. काठावरून लोक भाजीच्या पिशव्या घेऊन घरी चालले होते, ते थांबून आमच्याकडे बघू लागले. ‘बोट बुडू लागल्यास’ काय करायचं ते प्रवासप्रमुख बाईंनी जर्मन आणि इंग्रजीत सांगितलं. मी आई-आबांना मराठीत सांगितलं.

“बुडाया लागली तर ह्या काठावर पाय टाकायचा,” आबा म्हणाले. “येवढंच हाय.”

मग कप्तान आले. लालबुंद चेहऱ्याचा, पांढऱ्या मिशांचा धिप्पाड माणूस. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच बेताचं होतं, म्हणून मला पूर्ण समजलं. वरच्या डोंगरांत अवेळी पाऊस झालाय, पाणी वाढलंय, त्यामुळे पुलाखालून बोट जाऊ शकत नाही. आज इथेच मुक्काम. उद्या नक्की.

आबांनी माझा हात धरला. “काय म्हणला? परत इचार.”

“पाणी जास्त आहे म्हणून बोट चालत नाही.”

“पाणी जास्त हाय म्हणून?”

“हो.”

“कमी हाय म्हणून न्हाय?”

“नाही आबा. जास्त.”

आबांनी माझा हात सोडला आणि कठड्यावरून खाली पाण्याकडे पाहिलं. इंदापूर तालुक्यात ज्याने पस्तीस वर्षं पाण्याचं काम केलं, त्याला हे वाक्य पचायला वेळ लागणारच. अमुक ठिकाणी पाणी कमी पडलं, पोचलं नाही, कुणी वरच्या वर अडवलं, अशा तक्रारी त्यांनी हजारांनी ऐकल्या होत्या. जास्त झालं म्हणून काम अडलं, हे ते पहिल्यांदा ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आबा खोलीत नव्हते. मी घाबरून बाहेर आले तर काठावरच्या पायऱ्यांवर पाणी आलं होतं आणि त्या पाण्यात आमचे आबा गमबूट घालून, माकडटोपी घालून उभे होते. समोर भिंतीवर पाण्याची उंची दाखवणारी पट्टी रंगवलेली होती. हुबेहूब कालव्यावर असते तशी.

“बघ,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला होता. “पट्टी हाय. हितं बी पट्टी हाय.”

खिशातल्या डायरीत त्यांनी वेळ आणि आकडा लिहिला. परत येताना काठावर दोन खलाशी चकचकीत बूट हातात धरून अनवाणी पाण्यातून चालले होते. त्यांनी आबांच्या पायांकडे पाहिलं. आबांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

त्या दिवसापासून रोज दाराखालून एक कागद सरकवलेला असायचा. वर सुबक अक्षरात त्या दिवशीच्या गावाचं नाव आणि ‘बोट पोहोचण्याची वेळ’. पाठोपाठ भोंग्यातून प्रवासप्रमुख बाईंचा हसरा आवाज यायचा, “सुप्रभात प्रिय पाहुण्यांनो, कार्यक्रमात एक छोटासा बदल आहे.” तो बदल असा असायचा, की बोटीऐवजी बस.

बसने गाठलेला पहिला बाजार लिंझचा. दीड तास बस, मग लाकडी खोपटांची रांग. लाकडाचे तारे, मेणाच्या बाहुल्या, भाजलेले बदाम आणि मसाला घातलेली गरम दारू. आबा पंचशील पाळणारे, त्यामुळे त्यांना लहान मुलांचं गरम सरबत दिलं, ते अस्वलाचं चित्र असलेल्या कपात. ते गंभीरपणे फुंकून प्यायले. आईने प्रत्येक खोपटात वाकून बघितलं आणि एका विक्रेत्या बाईच्या खोकल्याकडे लक्ष देऊन मला म्हणाली, “हिला इचार, किती दिस झालं खोकला?” मी विचारलं नाही. सुट्टीवर आले होते.

तिसऱ्या दिवशी व्हिएन्ना. जायला चार तास, यायला चार तास, बाजाराला पाऊण तास. त्यातला निम्मा वेळ मुतारी शोधण्यात गेला. बस जिथे थांबली तिथे खाली, दगडी काठांमध्ये, एक सरळ पाण्याचा पट्टा वाहत होता. आबांनी गाइडला माझ्याकरवी विचारलं, की ही नदी का? गाइड म्हणाली, हा डॅन्यूबचा कालवा.

झालं. आबांनी बाजाराकडे पाठ फिरवली.

“आबा, लोक चाललेत.”

“तुमी जावा. तारं काल बघितल्यात.” ते कठड्याला टेकून कालवा बघत राहिले. “काय अस्तरीकरण केलंय! कुठं येक दगड हललेला न्हाय. आपल्याकडं दोन वर्सांत घुशी बिळं करत्यात.”

व्हिएन्नाचा बाजार मी आणि आईने पळत पाहिला. आबांनी पाहिला तो कालवा. त्यांना अजूनही व्हिएन्ना विचारलं की ते त्याचे काठ सांगतात.

चौथ्या दिवशी जे झालं ते मी शाळेत सांगितलं तेव्हा कुणी खरं मानलं नाही. बसच्या ड्रायव्हरला नियमाने विश्रांती द्यायची होती, त्यामुळे लांब जाता येईना. कागदावर मात्र नव्या बाजाराचं वचन होतं. आम्हाला बसमध्ये बसवलं, थोड्या वेळापुरता दुसरा ड्रायव्हर आला, बस नदीवरच्या पुलावरून पलीकडे गेली, टेकडीला वळसा घालून, अर्ध्या तासाने दुसऱ्या पुलावरून परत आली आणि एका चौकात थांबली. नवीन गाइड चढला. “पासाऊमध्ये आपलं स्वागत असो,” तो म्हणाला.

बसमधली माणसं शिस्तीत उतरली. जिथे आम्ही पहिल्याच दुपारी तासभर हिंडलो होतो, तोच तो चर्चसमोरचा बाजार. तेच तारे, तीच बदाम भाजणारी बाई. तिने आईला ओळखून हात केला.

“ह्यो पहिलाच बाजार न्हाय का?” आबांनी मला विचारलं.

“आहे.”

“मग सांग की त्येला.”

मी गाइडला सांगितलं. तो जरा खजील झाला आणि म्हणाला, “हो, पण मागच्या वेळी तुम्ही पलीकडून आत आला होतात.”

आमच्या जेवणाच्या टेबलावर एक जर्मन आजीबाई होत्या, एकट्याच आलेल्या, विणकाम करणाऱ्या. त्यांना थोडं इंग्रजी यायचं. त्या रात्रीच्या जेवणाला आल्या नाहीत. प्रवासप्रमुख बाई म्हणाल्या, त्यांना बोट लागली आहे.

“बांधलेली बोट?” मी विचारलं.

“त्यांना पाणी दिसलं की होतं,” बाई कुजबुजल्या.

आई उठली. खोलीतून यंत्र आणि सुंठेची पुडी घेऊन थेट आजीबाईंच्या खोलीत गेली. रक्तदाब मोजला, सुंठ चाटवली, पाय उंच करून झोपवलं आणि खिडकीचा पडदा लावून टाकला. सकाळी आजीबाई नाश्त्याला हजर! त्यांनी टेबलावर सगळ्यांना सांगितलं. दहा वाजेपर्यंत आमच्या खोलीबाहेर सात माणसं उभी होती, बाह्या वर करून.

त्यानंतर माझी सुट्टी संपली. आईचा दवाखाना खाली आणि आबांची पट्टी वर. मी दोघांमध्ये दुभाषी. कारण आबांकडेही गर्दी व्हायला लागली होती. भोंग्यावरचं ‘उद्या नक्की’ तीन दिवस ऐकून लोकांचा त्यावरचा विश्वास उडाला होता. पण एक काळासावळा, माकडटोपीवाला माणूस दिवसातून तीनदा पाण्यात उतरून वहीत लिहितो, हे सगळे बघत होते. नाश्त्याच्या वेळी कुणी ना कुणी टेबलाशी यायचं आणि मला विचारायचं, “इंजिनिअरसाहेबांचं काय म्हणणं आहे?”

“इंजिनिअर न्हाय म्हणाव. निरीक्षक,” आबा दर वेळी दुरुस्त करायचे आणि मग सांगायचे, “काल सांजपास्नं चार बोटं उतरलंय.”

हे कप्तानांच्या कानावर गेलं आणि ते आमच्या टेबलावर आले. आबा उभे राहिले. दोघांत वाद सुरू झाला आणि तो वाद माझ्या तोंडातून चालला होता. आबांचं म्हणणं, विसर्ग किती तो आकडा द्या. कप्तानांनी घनमीटरमध्ये दिला. आबांनी मनातल्या मनात त्याला पस्तिसाने गुणून क्युसेक काढले आणि खाली बसले.

“काय झालं?” मी घाबरून विचारलं.

“काय न्हाय,” ते म्हणाले. “आपल्या कालव्याचं पाणी ह्येच्या येका कोपऱ्यात मावंल.”

पण वाद थांबला नाही. पुलाखाली किती जागा लागते, चालकाची खोली किती खाली उतरवता येते, डेकवरचे कठडे दुमडतात का. कप्तान लाल होत गेले. आवाज वाढला. तेवढ्यात आईने मधे येऊन कप्तानांचं मनगट धरलं. त्यांना काही कळायच्या आत खुर्चीवर बसवलं, बाही वर केली आणि यंत्राचा पट्टा दंडाला गुंडाळला. नव्वद माणसं चमचे खाली ठेवून बघत होती. आईने पारा बघितला, ओठ आवळले.

“ह्येंना सांग,” ती मला म्हणाली, “मीठ कमी करा. आनि आमच्या ह्येंच्याबरूबर वाद घालू नका. मी पस्तीस वर्सं घातला, मलाबी झेपला न्हाय.”

मी शब्दशः सांगितलं. कप्तान आईकडे बघत राहिले, मग मोठ्याने हसले. त्यानंतर त्यांनी आबांना वर चालकाच्या खोलीत नेलं, नकाशा दाखवला, आणि संध्याकाळपासून आबांची वही आणि त्यांचं रजिस्टर एकमेकांशी ताडून बघायला लागले.

गुरुवारी सकाळी आबांनी जाहीर केलं : आज दुपारी दोनला बोट सुटेल. त्यांनी उतरण्याचा वेग काढला होता, पुलाची जागा धरली होती, हिशेब तीनदा तपासला होता. कप्तानांनीही मान हलवली. दीड वाजल्यापासून सगळे प्रवासी कोट-टोप्या घालून डेकवर. खलाशांनी दोर सैल केले. शेजारच्या बोटीतले दाढी करणारे गृहस्थही खिडकीत येऊन उभे राहिले. आबा पायऱ्यांवर पट्टीसमोर, आणि मी त्यांच्यामागे.

पावणेदोनला आबा वाकले. पुन्हा वाकले. मग हाताने पट्टी पुसली.

“चढतंय,” ते म्हणाले.

“काय?”

“पाणी. चढतंय.”

तासाभरात वीतभर पाणी वाढलं. पासाऊला तीन नद्या मिळतात. डॅन्यूब उतरत होती हे आबांचं बरोबर होतं, पण गावाच्या पलीकडून येणारी इन नदी वरच्या डोंगरातलं नवं पाणी घेऊन आली आणि संगमापाशी तिने डॅन्यूबचं पाणी मागे दाबलं. आबांनी एकच नदी मोजली होती. कप्तानांनीही. पण कप्तानांना कुणी विचारत नव्हतं. लोक जिना उतरले, कोट काढले आणि आत बसून पत्ते खेळू लागले.

आबा जेवायला आले नाहीत. मी खोलीत गेले तर ते टोपी घालून खाटेवर बसले होते, पाय गमबुटांतच.

“आबा, कुणी काही म्हणत नाही.”

“म्हणत न्हाईत, त्येच,” ते म्हणाले. “भीमा आनि नीरा नरसिंहपूरला मिळत्यात. तितं मी कितीदा उभा राहिलोय. येका नदीचं बघून दुसरीचं सांगू नये, ह्ये मी नव्या पोरांना शिकवायचो. आनि हितं मीच त्ये इसरलो.”

तेवढ्यात आई आली. तिने त्यांचे गमबूट ओढून काढले, एकेक करून, आणि दाराबाहेर ठेवले. “बावड्याला मी येकदा येका बाईला तारीख दिली, पोरगं दोन हप्ते उशिरा झालं,” ती म्हणाली. “ती अजून भेटली की हसती. चला, बटाटं गार व्हाया लागल्यात.”

ते आले. जेवणघरात शिरले तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत की काही नाही. आजीबाईंनी मात्र विणकाम बाजूला ठेवून त्यांना खुर्ची ओढून दिली आणि मला म्हणाल्या, “त्यांना सांगा, उद्या मी त्यांच्याबरोबर दुसरी नदी मोजायला येते.” मी सांगितलं. आबा म्हणाले, “बूट हाईत का त्यास्नी?” त्यांच्याकडे नव्हते. तरी त्या आल्या. शुक्रवारी सकाळी साठ फूट खोल दरी ओलांडल्यासारखं सावकाश चालत, त्या आणि आबा, एका छत्रीत, गाव ओलांडून इनच्या काठावर गेले. तिथेही एक पट्टी सापडली. भाषा नसताना दोघं तासभर तिथे उभे होते. परत आल्यावर आजीबाई मला म्हणाल्या, की आबांनी त्यांना बरंच काही समजावलं. आबाही तेच म्हणाले.

त्या दुपारी आबांनी दोन्ही नद्या धरून नवा अंदाज काढला आणि तो कुणालाही सांगितला नाही. फक्त कप्तानांना चिठ्ठीवर लिहून दिला.

शनिवारी, म्हणजे प्रवासाच्या शेवटच्या दिवशी, पाणी उतरलं. सकाळी साडेदहाला, चिठ्ठीत होतं तसं. पण आता जायचं कुठे? दुपारी सगळ्यांना इथेच, पासाऊलाच उतरायचं होतं. प्रवासप्रमुख बाईंचा आवाज पहिल्यांदाच चाचरला. “प्रिय पाहुण्यांनो,” त्या म्हणाल्या, “कार्यक्रमात एक छोटासा बदल आहे. आपण निघतो आहोत.”

शेजारची बोट बाजूला झाली. आई खिडकीत धावली, तिने हात हलवला. पलीकडून त्या गृहस्थांनी अर्धा फेस लागलेल्या गालाने हात हलवला. आमची बोट थरथरली आणि काठ सरकायला लागला. सगळे डेकवर. कठडे दुमडलेले, चालकाची खोली खाली बसवलेली, त्यामुळे कप्तानांचं नुसतं डोकं डेकच्या वर दिसत होतं आणि शेजारी माकडटोपी. पूल जवळ आला तेव्हा नव्वद माणसं एकदम वाकली. वर चांगली माणूसभर जागा होती, तरी वाकली. मीही वाकले. आई वाकली नाही. ती पुलाच्या पोटाकडे मान वर करून बघत होती आणि म्हणाली, “खालनं बी रंगवलाय!”

संगम ओलांडला. तीन रंगांची पाणी थोडा वेळ शेजारी-शेजारी वाहतात ती दिसली. मग थोडं खाली जाऊन, नदी रुंद झाली तिथे बोट सावकाश वळली आणि परत आली. सगळं मिळून पाऊण तास.

उतरताना प्रत्येकाला एक गुळगुळीत कागदाचं प्रशस्तिपत्र दिलं. आधीच छापलेलं. श्री. अमुक यांनी डॅन्यूब नदीतून इतके शे किलोमीटर प्रवास केला, खाली सात गावांची चित्रं. लोकांनी घेऊन पिशवीत टाकलं. आबांनी चष्मा लावून बघितलं आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

“ह्ये खोटं हाय,” ते म्हणाले.

“आबा, आठवण म्हणून देतात.”

“आठवण खोटी कशी द्यायची? नोंद हाय ती.” त्यांनी खिशातून पेन काढलं, छापलेल्या आकड्यावर सरळ एक रेघ मारली, वर ‘६’ असं लिहिलं, बाजूला सही केली, आणि तो कागद कप्तानांपुढे धरला. “ह्येंना म्हणाव, खाडाखोडीवर दोघांची सही लागती.”

कप्तानांनी ते गंभीरपणे वाचलं. सही केली. मग आबा उभेच राहिले म्हणून मला डोळ्यांनी विचारलं, आणखी काय? मी म्हणाले, शिक्का. ते खाली गेले, बोटीचा गोल शिक्का घेऊन आले आणि मारला. मागे उभ्या असलेल्या आजीबाईंनी आपल्या पिशवीतून आपला कागद काढून पुढे केला. त्यांच्यामागे अजून दहा-बारा जण उभे राहिले. रांग संपेपर्यंत सामान धक्क्यावर पडून होतं.

इंदापूरच्या घरी तो कागद दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर, चौकटीत लावलेला आहे. बावड्याचे चुलते भेटायला आले तेव्हा त्यांनी तो बोट फिरवत वाचून घेतला.

“येवढ्या लांब गेलास,” ते म्हणाले, “आनि सा किलोमीटर?”

“व्हय,” आबा म्हणाले. “जाऊन येऊन.”

चुलत्यांना ते पटलं नाही. बाकी गावालाही नाही. आबा काहीतरी लपवतायत, तिकडे नक्की काहीतरी मोठं बघून आलेत, असं बरेच दिवस लोक बोलत होते. आबांनी कुणाची समजूत काढली नाही. आईकडे मात्र दर डिसेंबरात आजीबाईंचं कार्ड यायचं. त्यात पाय कसे आहेत, पाणी कसं आहे एवढंच असायचं. मी बारामतीहून गेले की उत्तर लिहून द्यायचे. आई सांगायची, सुंठ कोमट पाण्यातनं घ्या, आणि आबा मागून म्हणायचे, “इनचा आकडा इचार.”